लाल धाग्याचा हरभरा

"मॅडम, राग नका मानू, पण तुमी शास्त्रज्ञासारख्या दिसूनच नाही राह्यल्या," कॅमेऱ्यातून डोळा काढत गोविंदानं तक्रार केली.

वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभ्या असलेल्या पूनमनं स्वतःकडे पाहिलं. पाय गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेले, डोक्याला बापाचा दुपट्टा.

"मग कशासारखी दिसते?"

"निंदाले आलेल्या बाईसारख्या."

शेषरावांना राग आला, पण तो गोविंदाचा नव्हे, लेकीचा. तालुक्यात घरोघरी पाहिला जाणारा चॅनलवाला दारी येणार हे ठाऊक असताना पोरीनं जरा बरं नेसायला काय हरकत होती?

शेषरावांची गावात पिठाची गिरणी. कुणाच्या नावावर किती इज्जत जमा आहे, हे गिरणीवर जितकं कळतं तितकं ग्रामपंचायतीतही कळत नाही. राजकुमारचा पोरगा शाळेच्या सहलीत रॉकेटच्या प्रतिकृतीजवळ फोटो काढून आला, तर चौकात फलक लागला, 'गावचा भावी शास्त्रज्ञ'. आणि यांची पूनम कृषी विद्यापीठात खरोखरची शास्त्रज्ञ, तर तिच्या नावावर काय जमा? कचरूची थट्टा. दळणाचा डबा ठेवला की तो विचारणारच, "काऊन हो शेषरावभाऊ, पोरीनं राकेट सोडलं का नाही अजून?"

"ते हरभऱ्यावर काम करते."

"हरभऱ्यावर तं माही बायको बी काम करते!"

रांग हसायची. चालू गिरणीत शेषरावांना उत्तर सुचायचं नाही, आणि गिरणी बंद केल्यावरही सुचायचं नाही. म्हणून गोविंदाला त्यांनीच बोलावून आणलं होतं.

शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरचा पांढरा कोट आला. खिशावर लाल औषधाचा डाग होता, तो हातानं झाकायचं ठरलं. घड्याळवाल्याचं भिंग आलं. चित्रात यायला सरपंच आले आणि सरपंचांबरोबर त्यांची नेहमीची माणसं आली.

"आता भिंगातून पाहा आन चकित व्हा," गोविंदानं सांगितलं.

"कशाला चकित?"

"शोध लागला ना!"

"नाही लागला," पूनम म्हणाली. मग तिनं शांतपणे सगळं सांगितलं. वावराचा हा कोपरा वाईट. बाकी रानात गहू चांगला येतो, पण इथं हरभरा पेरला की मर रोगानं उभाच्या उभा वाळतो. म्हणूनच तिनं हा कोपरा बापाकडून मागून घेतला आणि संकराचं बियाणं त्यात पेरलं. झाडं एकाच मायबापाची लेकरं, पण कोणतीही दोन सारखी नाहीत. जवळजवळ सगळी वाळली. थोडी तेवढी उभी राहिली, हिरवीगार, घाट्यांनी लगडलेली. त्यांना तिनं लाल लोकरीचे धागे बांधले होते.

"ही रोगाला पुरून उरली का नशिबानं वाचली, ते यांचंच बियाणं पुन्हा याच मातीत पेरल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मॅडम, 'सांगता येणार नाही' याची बातमी नाही होत."

"मग नका करू," म्हणत तिनं कोट काढून त्याची घडी घातली. "बाबा, रोह्यांचा भरवसा नाही. कळपानं येऊन रात्रीतून खाऊन टाकतील. मी मेहकरहून जाळी आणते. धाग्याच्या झाडांवर ध्यान ठेवा."

ती जीपला गेली. पाहुणे मात्र राहिले. आणि हरभऱ्याच्या दिवसांत वावरात आलेला पाहुणा हुळा, म्हणजे जाळात भाजलेला ओला हरभरा, खाल्ल्याशिवाय गेला, तर ती गोष्ट पुढच्या हरभऱ्यापर्यंत गावभर फिरते. सरपंचांच्या माणसांनी काटक्या गोळा करायला सुरुवातही केली होती.

"काका, शास्त्रज्ञाच्या हरभऱ्याची चव तं पाहू द्या," गोविंदा म्हणाला. "तुमी खाऊन राह्यले तसा शॉट घेतो. एक नंबर येते."

शेषराव क्षणभर घुटमळले. लेकीनं ध्यान ठेवायला सांगितलं होतं, पण ते रोह्यांवर. आणि शोध काय वावरात ठेवलेला असतो? तो पोरीच्या कॉम्प्युटरात असेल, काचेच्या नळ्यांत असेल. टीव्हीवर दिसणाऱ्या एकूण एक शास्त्रज्ञाच्या मागं तशी कपाटं असतात. इथली झाडं म्हणजे नुसता नमुना. शिवाय सरपंचांपुढं काय वाळलेलं उपटून ठेवायचं?

त्यांनी स्वतःच्या हातानं उपटली, एकूण एक. धाग्यांसकट. जाळात लोकर जळल्याचा वास आला तेव्हा सरपंच म्हणाले, "काय जळून राह्यलं हो?" आणि सगळे हसले.

पूनम खांद्यावर जाळी घेऊन आली तेव्हा धुऱ्यावर राख होती आणि बापाचे ओठ काळे होते.

"धाग्याची?"

"पाहुणे होते बाई."

"सगळी?"

"विद्यापीठात असनच की पोतंभर! मशीनवर बनवत असान ना तुमी?"

ती राखेजवळ बसली. बोटांनी चाळता चाळता एक न भाजलेला घाटा सापडला. तिनं तो नखानं फोडला. आतला दाणा कोवळा होता, चिमटीत त्याचं पाणी झालं.

"आमी काही बनवत नाही, बाबा," ती म्हणाली. विद्यापीठात गेल्यापासून सुटलेली घरची बोली तिच्या तोंडात परत आली होती. "आमी पेरतो, आन कोन जगते ते पाहत बसतो. तेवढंच काम हाय आमचं."

"मंग पुन्हा पेरू ना. मी सोता पेरतो."

"हे नाही येत पुन्हा. दुसरं येईन. नाही तं नाही येईन."

ती ओरडली असती तर शेषरावांना सोपं गेलं असतं. तिनं जाळी बापाच्या हातात दिली, "आईच्या मिरच्यांवर टाका," म्हणाली आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली. पूनमच्या आईनं, शालूबाईंनी, भरलेलं ताट झाकून ठेवलं आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

बातमी झालीच. 'मर रोगाचा खात्मा! बुलढाण्याच्या लेकीचा चमत्कार!' पांढरा कोट, भिंग, मागं ढोल. पूनमचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज गोविंदाचा होता. शेवटी तोंडभर घास घेतलेले शेषराव: "लय गोड हाय." सिद्ध न झालेला दावा केलाच कसा, म्हणून विद्यापीठानं पूनमकडं खुलासा मागितला. हे तिनं फोनवर आईला सांगितलं, बापाला नाही.

गावात मात्र शेषरावांच्या खाती इज्जत जमा होऊ लागली. कचरू डबा खाली ठेवून आधी रामराम घालू लागला. राजकुमारनं फलकाचा मजकूर काय ठेवायचा ते विचारलं. इतकी वर्षं थकलेलं सगळं एकदम चुकतं होत होतं, आणि शेषरावांना ते घ्यावं कुठल्या हातानं ते कळत नव्हतं.

मग एका सकाळी एसटीतून उतरून एक उंच, वाळका माणूस विचारत विचारत गिरणीवर आला. हातात धुऊन घडी केलेली कापडी पिशवी.

"मी धाडचा भागवत. ते शास्त्रज्ञ बाईचे वडील तुमीच ना?"

रांगेतून कचरूच बोलला, "हाव, हेच ते!"

"दादा, जास्त नाही मांगत," पिशवी उलगडत तो म्हणाला. " मूठभर द्या. आमच्या वावरात हरभरा दरसाल मरते. तुमच्या लेकीनं लय पुण्याचं काम केलं."

शेषरावांनी पट्टा सरकवला. गिरणी घरघरत थांबली. इतक्या शांततेची रांगेला सवय नव्हती, सगळे त्यांच्याकडं पाहू लागले.

"बियाणं नाही, भाऊ," शेषराव म्हणाले. "शोध लागला म्हणून पोरगी कधी बोललीच नव्हती. पाहणं बाकी हाय म्हणे. ते पाहायची झाडं मी उपटून पाहुण्यांले भाजून खाऊ घातली."

कुणीतरी फिसकन हसलं. मग कचरूकडं पाहून गप्प बसलं, कारण कचरू हसला नव्हता.

"टीव्हीवर तं..." भागवत म्हणाला.

"टीव्हीवर मी खाऊनच राह्यलो."

भागवतनं पिशवी होती त्याच घड्यांवर पुन्हा दुमडली आणि खिशात ठेवली. "पुढल्या साली?"

"ते तिले बी माहीत नाही."

शेषरावांनी त्याला पाणी दिलं. तो पाणी पीत असतानाच रस्त्यावर एक जीप थांबली. मागच्या फळीवरून तिघंचौघं उतरले. सगळ्यांच्या हातात पिशव्या. त्यांनी गिरणीकडं बोट दाखवलं.

"बसा भाऊ, मी सांगतो त्याहिले," कचरू हळूच म्हणाला.

"नाही," शेषराव म्हणाले. त्यांनी अंगावरचं पीठ झटकलं, टोपी सरळ केली आणि ते दारात जाऊन उभे राहिले.