मयताला नेसायची चटई

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो, पण माझ्यावर कुणी बसत नाही. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशात, वावाऊ बेटावर आमच्यासारख्या चटया अंगाला गुंडाळून नेसतात. चर्चला जायच्या वेगळ्या, लग्नाच्या त्याहून तलम. मी मयताची. जाडीभरडी, कडा उसवलेली आणि एखाद्या माणसाला छातीपासून घोट्यापर्यंत गुंडाळेल एवढी मोठी.

माझा जन्म केवड्याच्या पातींतला. बायकांनी पाती कापल्या, काटे काढले, समुद्राच्या पाण्यात भिजवल्या, उन्हात वाळवल्या आणि गप्पा मारत मारत मला विणलं. तेव्हा मीही मऊ होते, खोटं कशाला सांगू! मग एकामागून एक मयतं झाली. घामानं आणि पावसानं माझ्या पाती कडक झाल्या, तुटल्या, टोकं बाहेर आली. आणि गंमत बघा, मी जसजशी फाटत गेले तसतसा माझा मान वाढला. वडीलधारं माणूस गेलं की त्याच्या पोराबाळांनी सगळ्यात फाटकी चटई नेसायची, ही इथली रीत. चटई जितकी टोचेल तितकी माया खरी! बायका मला हात लावून म्हणायच्या, "अशी चटई गावात दुसरी नाही हो." मी अगदी फुगून जायचे.

मी ज्या घरात होते ते फेलेतीचं घर. त्याला एकुलती एक मुलगी, लेसिएली. त्या पोरीला सगळं टोचायचं. फ्रॉकच्या गळ्यामागची पट्टी, मोज्याची शिवण, उशीच्या अभ्र्याची घडीसुद्धा. शेजारच्या अंगणात बायका झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसल्या की त्या ठकठकीनं ती कान दाबून पलंगाखाली शिरायची. लोक म्हणायचे, "काय बाई हिचे नखरे!" फेलेती मात्र कात्री घेऊन तिच्या कपड्यांच्या पट्ट्या उसवत बसायचा. फारच झालं तर तिला होडीत घालून लांब न्यायचा. "इथं कोण येतंय कुटायला?" असं म्हणायचा, आणि ती हसायची.

तो फेलेती एका सकाळी होडी ओढता ओढता छातीत कळ येऊन गेला.

मला बाहेर काढलं ते त्याच्या थोरल्या बहिणीनं, पिसिलानं. आमच्याकडे मयताच्या घरी आत्याचा शब्द शेवटचा. तिनं लेसिएलीला उभं केलं आणि मला तिच्या काखेखालून गुंडाळू लागली.

"आत्या, ही चावते गं!"

"चटईला दात असतात होय?" आत्या म्हणाली. जमलेल्या बायका रडता रडता हसल्या.

लेसिएलीची आई सेइनी पुढं झाली. "वन्सं, तिला खरंच नाही हो सोसत. आतून ह्यांचा जुना बनियन घातलाय, तेवढा राहू दे."

"बनियन?" आत्यानं तो खसकन ओढून काढला. "अगं, माझा भाऊ गेलाय! शोक काय मऊमऊ नेसायचा असतो? फेलेतीनं लाडावून ठेवलीय हिला. आणि नीट ऐक, चटई नेसल्याशिवाय बापाजवळ जायचं नाही."

एवढं बोलून आत्या स्वतःच ढसाढसा रडली. ती दुष्ट नव्हती, मित्रांनो. तिलाही तेवढंच ठाऊक होतं.

लेसिएलीला बापाचा शेवटचा पापा घ्यायचा होता. त्यासाठी ती मला नेसून उभी राहिली. काथ्याची दोरी आवळली तशी माझी सगळी टोकं तिच्या काखेत आणि पोटात रुतली. मला मऊ व्हावंसं वाटलं. पण वाळलेली पात कशी मऊ होणार? ती दात आवळून चालत राहिली. दारापर्यंत आली, बापाचे पाय दिसले आणि तेवढ्यात मयताला बोलावलेल्या बँडवाल्यांनी तुताऱ्या फुंकल्या. आतल्या बायकांनी टाहो फोडला. पोरीनं दोरी तोडली, मला उंबऱ्यावर टाकलं आणि ती कान दाबून समुद्राकडे धावत सुटली.

लोक म्हणाले, "बापाच्या मयताला चटई टाकून पळाली! काय म्हणावं ह्या मुलीला!"

सेइनी मागं धावली. लेसिएली पाण्यात बुडी मारून बसली होती, श्वास पुरेल तितका वेळ, पुन्हा पुन्हा. तिला घेऊन आई परतली तेव्हा फेलेतीला मातीही देऊन झाली होती.

"आई," अंगावरचे ओरखडे झाकत तिनं विचारलं, "बाबांना वाटलं असेल का गं, माझं त्यांच्यावर प्रेम नव्हतं?"

सेइनी तिचे ओले केस पुसत राहिली. बोलायला हवं होतं तिनं, काहीतरी!

आत्यानं मला झटकलं आणि चटया जपायच्या रीतीप्रमाणे सेइनीच्या गादीखाली सपाट पसरून ठेवलं. जाताना भाचीला म्हणाली, "पुढं आईच्या मयताला तरी नीट नेस हो." तिनं ते मायेनंच म्हटलं.

जुन्या वस्तू जपा, असं गोष्टीच्या शेवटी सांगायची आम्हा वस्तूंची पद्धत. मी ते सांगणार नाही, मित्रांनो. मला जपू नका. जाळा, कुजवा, डुकरांपुढे टाका. तुमच्या घरात कुणी म्हणालं की हे टोचतं, हा आवाज सोसत नाही, तर त्याला नखरे म्हणू नका. आणि त्याची माया माझ्यासारख्या चटईवर मोजू नका. पण माझं ऐकतंय कोण?

सेइनी रोज संध्याकाळी गादीवर हात फिरवून लेकीला बोलावते, "ये गं बाळा, जवळ नीज." पोरीला आईजवळ जायचं असतं, मला कळतं ते. पण गादीखाली मी आहे हे तिला माहीत आहे. ती मान हलवते आणि उघड्या जमिनीवर जाऊन झोपते.