यिम्किनला इंग्रजीत काय म्हणायचं

सुहादचं इंग्रजी ऐरंगैरं नव्हतं. बगदादच्या शाळेत तिनं पोरींकडून घोकून घेतलेलं: मेबी, पर्हॅप्स, पॉसिबली या तिघी दार नुसतं किलकिलं करतात, चौथी प्रॉबेबली, ती माणसाला घरात आणून बसवते. आता अम्मानमध्ये, निर्वासितांच्या कचेरीत ती दुभाषी होती. आणि नेमकी इथंच तिनं माती खाल्ली.

त्या दिवशी समोर मोसुलची नजला बसली होती. तिच्या नवऱ्याला, गसानला, नाक्यावरून उचलून नेलेलं. पुढे ठावठिकाणा नाही. तिकडे दीर हटून बसलेला: परत या, मीनाचा निकाह माझ्या पोराशी लावतो. मीना ही नजलाची लेक, अजून शाळेत जात होती. कॅनडाला जायला मिळालं तरच पोर वाचणार होती, आणि त्यासाठी कचेरीला एकच गोष्ट पटायला हवी होती, की या बाईच्या पाठीशी नवरा उरलेला नाही.

"नवरा जिवंत आहे का?" परदेशी अधिकारी बाईनं विचारलं.

"यिम्किन," नजला म्हणाली, म्हणजे कदाचित. "असेल, यिम्किन."

आता दुसरं काय बोलणार ती? मयत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नवऱ्याला मेला म्हटलं, तर हिनंच मारला म्हणतात. गसानचं ताट ती अजून रोज मांडत होती. सगळ्याच हरवलेल्यांच्या बायका यिम्किन म्हणतात, त्याला उत्तर समजायचं नसतं. सुहादला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! तिचा धाकटा भाऊ हातिमही असाच नाहीसा झालेला. आई रोज फोनवर विचारायची, "येईल ना गं तो?"

मेबी तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते किती कोरडं! खांदे उडवून बोलल्यासारखं. कुणाच्या हरवलेल्या माणसाबद्दल असं बोलायला तिची जीभ धजेना.

"प्रॉबेबली," ती म्हणाली.

बाईची बोटं टाइप करता करता थांबली. "प्रॉबेबली? काही निरोप आलाय?"

"निरोप कुठला? मन सांगतं," नजला म्हणाली, आणि सुहादनं ते तसंच्या तसं सांगितलं.

चुकलं तर दुभाष्यानं हात वर करून दुरुस्ती सांगायची, असा नियमच होता. सुहादचा हात मांडीवरून हलला नाही. शब्द मागे घेतला तर गसानबरोबर हातिमलाही आपल्या हातानं पुरू, असं तिला वाटलं. भित्री मेली!

पुढे निकाल लागला. खिडकीवरच्या माणसानं नजलाला सांगितलं: अर्ज नामंजूर, नवरा बहुतेक जिवंत आहे.

संध्याकाळी नजला जिन्यापाशी उभी दिसली. आता ही शिव्याशाप देणार. द्यायलाच हवेत. पण नजलाचा चेहरा फुलला होता, आणि हातात क्लैचांचा, खजूर भरलेल्या बिस्किटांचा, डबा होता.

"सुहाद, बहिणी, तोंड गोड कर! गसान बहुतेक जिवंत आहे म्हणाले. एवढ्या मोठ्या कचेरीतली माणसं, उगाच बोलतील? त्यांना काहीतरी कळलंच असणार."

"मीनाच्या आई, अगं तसं नाही..."

"उद्याच मोसुलला निघतो आम्ही. तो घरी यायचा आणि दाराला कुलूप! आणि आता दिराची काय बिशाद? पोरीचा बाप आहे म्हटलं."

"अगं ऐक तरी. तो शब्द..."

"शब्दबिब्द मला कळत नाहीत, बाई." नजलानं तिचं मनगट घट्ट धरलं. "तू तर आत असतेस. तू सांग, जिवंत आहे ना तो?"

सांग ना, बये! त्यांना काही कळलेलं नाही, तो शब्द माझा होता. एवढंच तर सांगायचं होतं, आणि तेही मायबोलीत.

"यिम्किन," सुहाद म्हणाली.

नजलानं तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि मीनाला हाक मारली. वरच्या पायरीवर गणितं सोडवत बसलेली मीना वही मिटून उठली.