वहीतली खोडलेली ओळ

मी एक पोलादी नळी बोलतेय. चार मीटर उंच आणि अंगठ्याएवढी जाड. माझ्या बहिणी बॉयलरमध्ये शेकड्यांनी आगीसमोर उभ्या असतात. माझ्या वाट्याला मात्र प्रयोगशाळा आली.

तिथे अंगातून वीज सोडून मला तापवत आणि खालून पंपाने पाणी चढवत. वर जाता जाता पाणी उकळे. मग मधून वाफ सुसाट धावे आणि पाण्याचा पातळ थर तेवढा माझ्या आतल्या अंगाला धरून राही. तो होता तोवर मी सुखात. तो जिथे सुके, तिथून वर माझी लाही लाही होई, कारण वाफेला पाण्यासारखी उष्णता उचलता येत नाही.

हा थर नेमका कुठे सुकेल, हे आधीच सांगणारं सूत्र एका संशोधक मुलीला बांधायचं होतं. फिटरकाकांनी माझ्या पाठीवर खालून वर तीस तारा डकवल्या. प्रत्येक तार आपापल्या जागेचं तापमान सांगे. सूत्र आणि तारा जुळल्या की मुलगी टाळी वाजवी. काका म्हणत, "ताई, आता तरी डबा खा."

एके दिवशी तिने पाणी निम्म्यावर आणलं. सूत्र म्हणत होतं, थर सव्विसाव्या तारेपाशी सुकेल. तो एकोणिसाव्या तारेपाशीच सुकला.

तिचे सर आले. वहीवर नजर टाकून म्हणाले, "पंप अडखळला असणार. ही ओळ धरू नकोस."

"पंप ठीक होता साहेब," काका म्हणाले. "मी शेजारीच उभा होतो."

"पुन्हा करून बघू का, सर?"

"सोमवारी प्रबंध द्यायचाय ना तुला?"

मुलीने काकांकडे पाहिलं नाही. ओळीवर पट्टी ठेवली आणि ती सरळ खोडली.

मला एक गोष्ट फार लागून राहिलीय. त्या दिवशी मी वाकले असते, तर त्यांना मानावंच लागलं असतं. पण माझं पोलाद चांगलं होतं. मी निमूट सोसलं आणि थंड झाले.

मुलीला पदवी मिळाली, सूत्राचं नाव झालं. काका निवृत्त झाले. एका वीजकेंद्राने त्याच सूत्रावर भरवसा ठेवून नवा बॉयलर उभारला. दोन वर्षांनी विजेची मागणी घटली, तेव्हा तिथलं पाणी कमी केलं गेलं. आतली एक नळी फुटली. समोर ऑपरेटर उभा होता.

बातमी कळल्यावर मुलगी प्रयोगशाळेत आली, एकटीच. तिने पाणी निम्म्यावर आणलं. एकोणिसावी तार. पुन्हा केलं. एकोणिसावी. तिसऱ्या वेळी ती आकड्याकडे बघतच राहिली, वीज बंद करायला उशीर झाला आणि मी कमरेत वाकले.

तिने काकांना फोन लावला.

"काका, पंप ठीक होता."

"होता ताई." मग काकांनी विचारलं, "त्या माणसाचं कसं आहे?"

"उजवा डोळा गेला."

"लहान लेकरं आहेत का त्याला?"

मुलीला ते माहीत नव्हतं. फोन ठेवून तिने तोंडावर ओढणी धरली.

आपलं सूत्र कमी पाण्याला चालत नाही, असं ते वापरणाऱ्या सगळ्यांना कळवणारं पत्र तिने लिहिलं. सर म्हणाले, "स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव घालवतेस." तरीही तिने पत्र पाठवलं. वीजकेंद्राने पाणी वाढवलं. ऑपरेटरचा डोळा काही परत आला नाही.

माझ्या जागी आता नवी नळी आहे. मी शेडमागे भंगारात पडलेय. तारांचे डाग अजून पाठीवर आहेत. उद्या गाडी येईल, मी वितळेन, पुन्हा कुठेतरी उभी राहीन. तेव्हा माझं अंग तुमच्या हिशोबाआधी तापलं, तर रागावू नका. मला थंड होऊ द्या आणि परत एकदा तापवा. त्या वेळी तेवढंच करायचं होतं. एक दुपार गेली असती.