यमुनाबाईंनी घातलेली तारांची वेणी

मी कॉम्प्युटरच्या पोटातली एक बारीक काळी तार बोलतेय. समोरच्या भोकात माईकवाला हेडफोन खुपसला की त्याचा आवाज आत-बाहेर पोचवायचा, एवढंच माझं काम. पण माझ्याशिवाय या डब्याला तोंडही नाही आणि कानही नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

देवासच्या एका दुकानात कॉम्प्युटर जोडणाऱ्या मोनू भियानं आम्हा सगळ्या तारांची मोट बांधली आणि आत कोंबली. "ठूँस दो भिया, अंदर कौन देखता है," असं तो स्वतःशीच म्हणाला. अहो, डब्याची एक बाजू काचेची होती. बापूसाहेबांच्या बैठकीत आल्यापासून आमचा गुंता येणारा-जाणारा बघायचा. बापूसाहेबांना त्याचं काही नव्हतं, पण त्यांच्या पत्नी यमुनाबाईंना तो रोज खुपायचा. "मी असे केस पिंजारून हिंडले असते, तर आईनं घरात घेतलं नसतं," त्या म्हणायच्या.

मग त्यांच्या मुलाला, जर्मनीतल्या शुभंकरला, मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे इथली विद्युल्लता, शुभंकरची थोरली बहीण. ती शिकवते त्या शाळेतून तिला सुट्टी मिळेना. म्हणून ठरलं, की तिनं कॉम्प्युटरवरून नाव सांगायचं आणि तिकडे स्पीकर बाळाच्या कानाशी धरायचा. नाव तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यात आदल्या दिवशी तिचा मोबाईल घुगऱ्यांसाठी भिजत घातलेल्या हरभऱ्यांत पडला. हरभरे छान फुगले, मोबाईल गेला. बापूसाहेबांचा फोन बटणांचा. म्हणजे सगळी भिस्त आमच्यावर.

बारशाच्या सकाळी यमुनाबाईंनी पदर खोचला. "संध्याकाळी बायका यायच्या आणि हा अवतार?" म्हणत त्यांनी प्लग काढला, काच काढली, आणि आम्हा तारांची तीन पेडांची घट्ट वेणी घातली. खाली लाल रिबीन. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. माझा गुंता इतक्या मायेनं आजवर कुणी सोडवला नव्हता.

पण शेवटचा पेड त्यांनी असा करकचून ओढला, की माझं टोक जागेवरून निसटलं. मला ओरडताही येईना. दुसऱ्यांचा आवाज वाहून नेते, माझा स्वतःचा कुठाय?

मुहूर्ताला पडद्यावर पाळणा दिसला, बाळ दिसलं. विद्युल्लतानं हेडफोन लावला, तोंड पुढे केलं आणि नाव सांगितलं. तिकडे काही पोचलं नाही. शुभंकर कानाकडे बोट दाखवत राहिला. बापूसाहेब पडद्याला तोंड लावून म्हणाले, "ऐकू येतंय का रे?" मग जास्त जोरात सांगावं म्हणून गच्चीवर गेले.

विद्युल्लताचे डोळे भरले. "आई, एवढा एकच मान होता गं माझा. मुहूर्त टळतोय."

यमुनाबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या काचेतून माझ्याकडे बघत होत्या. "थांब. एक बट सुटलीय."

"आत्ता वेणी सुचतेय तुला?"

"अगं, टोक लोंबतंय बघ. बाकी सगळी कुठे ना कुठे खोचलेली आहेत."

विद्युल्लता वाकली, काच सरकवली आणि मला माझ्या मापाच्या रिकाम्या खुंट्यांवर दाबून बसवलं. हेडफोनमध्ये बाळाचं रडणं आलं. तिनं घाईघाईनं "कुर्रर्र" केलं आणि म्हणाली, "ऋजुता."

ते नाव माझ्यातून गेलं. तिकडच्या सगळ्यांच्या आधी मला कळलं. ऋजुता रडायची थांबली आणि शिंकली.

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटा घालायचा असतो. यमुनाबाईंनी लेकीला एक घातला आणि मग डब्याकडे वळल्या. "हा एक तुला. नाव तर तूच पोचवलंस." धप्प.

मी पुन्हा निसटले.

शुभंकर परत कानाकडे बोट दाखवू लागला. इकडे वाटलं, तो टाटा करतोय. यमुनाबाईंनीही हसत टाटा केला आणि घुगऱ्या वाटायला गेल्या.

तेव्हापासून मी लोंबतेय. कुणीतरी मला जागेवर बसवा, एवढीच विनंती. पण वेणी सोडू नका हं. ऋजुताची धाकटी आत्या आहे मी आता, केस पिंजारून कशी बसणार?