फाँटचा खण

"काय केलंस गं हे?" मालक युवराज स्वप्नालीवर खेकसला, तेव्हा खिळ्यांच्या केसपाशी उभा राहून मी मनात म्हणालो, बरी जिरली!

इंदापुरातल्या या छापखान्यात तीस वर्षं मी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवली. कुठलं अक्षर लाकडी केसच्या कुठल्या खणात, हे न बघता हाताला कळायचं. सत्त्याण्णवच्या दिवाळीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागून ही, बारामतीला तीन महिन्यांचा कोर्स केलेली पोर! गिऱ्हाईक दारातनंच विचारायचं, "कॉम्प्युटरवाल्या ताई हायत का?" मला कुणी हिंग लावून विचारीना. जळायचो मी, सरळ सांगतो.

त्यात पोर गुणाची. तिनंच एकदा हौसेनं दाखवलं होतं, "आबा, तुमच्या केससारखा हितं पण खण हाय. फाँट्स म्हनत्यात. समदी अक्षरं ह्यात. ह्यातली मराठीची फाईल काढली, तर पत्रिका हाय तिथंच ऱ्हाती, पण मराठी दिसत न्हाय."

आज तिच्याआधी येऊन मी तेवढंच केलं. तिचं बघून बघून बटणं पाठ झाली होती.

आता वरकुट्याचे दादासो लेकीची लग्नपत्रिका बघायला बसलेले, आणि पडद्यावर नवरा-नवरीच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. स्वप्नालीनं फ्लॉपी घातली, फाईल परत त्या खणात टाकली. पाच मिनिटांत नावं जागेवर! माझी केस सांडली असती तर अख्खा दिवस खिळे वेचण्यात गेला असता.

पण युवराज ऐकेना. "गिऱ्हाइकाम्होरं नाक कापलंस. उद्यापासनं येऊ नगंस!"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "माझ्याच हातनं गेली आसंल," एवढंच म्हणाली.

हातातला खिळा मी केसमध्ये टाकला. "तिनं न्हाय," मी पुढं झालो. "मी काढली ती फाईल."

युवराज खो खो हसत सुटला. दादासोही हसले.

"आबा, तुमी? त्ये चालू कुठनं व्हतं, ते तरी ठावं हाय का? पोरीला वाचवायचं म्हनून काय बी!" हसता हसता त्याचा राग उतरला. "बरं, ये उद्या," तो तिला म्हणाला.

"अरे, खरंच मीच काढली."

कुणी ऐकलं नाही. प्रिंटर सुरू झाला होता. दादासो चष्मा लावून लेकीचं नाव वाचत होते.

स्वप्नाली डोळे पुसत आली आणि वाकून माझ्या पाया पडली.