राखी भोपळ्याची उशिरा चिरलेली गोडी

मित्रांनो, अंगणात कोंबड्या टोचताहेत ना, ती राखी साल म्हणजे मी. दूर उझबेकांच्या फर्गाना खोऱ्यातल्या मळ्यात वाढलेला जुना भोपळा.

झुल्हुमोर सूनबाईनं मला देठाला न धरता, तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी उचललं आणि कोठीच्या फळीवर ठेवलं. तिथं आम्ही चौघे. थोरला पिवळा पाणचट, तो गाईचा. धाकटा शिरांचा, भाजला की पिठूळ, पण टिकायला कच्चा. लांबमान्या पातळ सालीचा. मानेत बी नाही, नुसता गर. आणि मी, वरून दगड, आतून थंडीत मुरत गोड होणारा. धाकटा आणि लांबमान्या बर्फाआधीच चिरले गेले.

मग सासरे नोरबूताबाबा आजारी पडले. त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. एकदा म्हणाले, "सूनबाई, त्या राखी भोपळ्याचं सारण भरून समसे कर गं. तेवढे खाईन."

झुल्हुमोरनं मला बोटांनी वाजवलं. "अजून मुरायचाय, बाबा. वसंतात नवरोजच्या सणाला वन्सं यायच्यात, तेव्हा तंदूर पेटवते. तोवर पिवळ्याची खीर घ्या."

बाबा वाडग्यात डोकावले. "गाईचा वाटा मला होय? मी अजून हंबरत नाही गं!"

सून हसली. बाबांनी दोन घास खाऊन वाडगा सरकवला.

हिवाळाभर हेच. ते मागायचे, ती मला वाजवायची. मी ठणठण वाजायचो आणि पाळी टळली म्हणून सुखावायचो. फळीवर मी मुरत होतो, खाली माणूस वाळत होता.

नवरोजच्या सकाळी सुरी फिरली. आत बियांना पांढरे कोंब फुटलेले, गराचे दोरे झालेले. माझी गोडी कोंबांनीच पिऊन टाकली होती. झुल्हुमोरनं एक फोड चाखली आणि सुरी बाजूला ठेवली. तरी कांदा, मेंढीची चरबी घालून तिनं समसे तंदुरात लावले. वन्सं अजून वाटेवरच होत्या. पहिला समसा बाबांपुढे ठेवला.

"कसा झालाय, बाबा?"

बाबांनी जिभेवरचा दोरा हळूच काढून मुठीत लपवला. "साखर आहे गं, साखर! आण आणखी एक."

दुसराही त्यांनी संपवला. झुल्हुमोर तंदुराकडे तोंड करून, धूर लागल्यासारखे डोळे पुसत राहिली.

मित्रांनो, भोपळा जपून ठेवावा, खरंच. पण घरातलं कुणी मागत असेल, तर त्याच दिवशी चिरा.