पाचातला एक

हॉस्पिटलात तिला पाठीमागे सगळे आकडेबाई म्हणायचे. तिच्या कानावर ते आलं होतं, पण राग नव्हता. स्वादुपिंडाला सूज येऊन पोट धरून कळवळणारा माणूस तिच्या वॉर्डात आला, की ती रक्त, नाडी, श्वास, वय, छातीचा फोटो असं सगळं तपासून त्याला पाचापैकी गुण द्यायची. शून्य किंवा एक म्हणजे माणूस बहुधा लवकरच घरी जाणार. तीन किंवा त्याहून जास्त म्हणजे घरच्यांनी मन घट्ट करायचं. हा आजारच मोठा लबाड. शेजारशेजारच्या खाटांवर दोघं सारखेच ओरडत असतात. एक चार दिवसांत पेपर वाचत बसतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं आणि फुप्फुसं एकेक करून राम म्हणतात. पहिल्या दिवशी तोंडाकडे बघून कुणाचं काय होणार हे सांगता येत नाही. बाकीचे डॉक्टर 'बघू, वरच्याच्या हातात आहे' म्हणून वेळ मारून नेत. ती आकडा सांगून मोकळी व्हायची, आणि बहुतेक वेळा तो बरोबर यायचा. तेवढाच काय तो तिचा माज.

त्या दिवशी पोट धरून आला तो तिचा सख्खा मोठा भाऊ. गाडी चालवायला शिकवण्याचा त्याचा क्लास होता. शिकाऊ बाईला वळण घ्यायला सांगता सांगता हा सीटवरच वाकडा झाला. पित्ताशयातला खडा सरकून नळीत अडकला होता. तिने सगळे रिपोर्ट पाहिले, दोनदा पाहिले.

"किती मिळाले?" दादाने घामाघूम चेहऱ्याने विचारलं.

"पाचातला एक."

"वा! जन्मभर तुझे मार्क ऐकवून आईने माझं डोकं खाल्लं. कमी मार्कांचा शेवटी उपयोग झाला म्हणायचा."

वहिनी हसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. नणंद म्हणाली म्हणजे झालं, असा त्या घरचा शिरस्ताच होता.

दादा मात्र थोड्या वेळाने म्हणाला, "बबडीला बोलावून घे."

बबडी त्याची एकुलती एक मुलगी, परगावी शिकायला होती. "उद्या तिचा शेवटचा पेपर आहे, दादा."

"असू दे. मला काही बरं वाटत नाही गं."

"बरं वाटत नाही म्हणूनच तर इथे आलायस."

दादाला काय वाटतं, याला पाचात जागा नव्हती. तिने स्वतःच बबडीला फोन लावला. किरकोळ आहे, पेपर दे आणि मग ये, म्हणाली. पोर म्हणाली, "बाबांशी बोलू?" तर म्हणाली, "गुंगीत आहे गं, उद्या बोल." दादा जागाच होता. पण बोलता बोलता दोघं रडारड करतील, मग पोरीचा अभ्यास कसा व्हायचा, असा तिने हिशेब केला.

मग आपल्या माणसाची सोय करायला ती निघाली. तिच्या मोठ्या वॉर्डात सगळ्या खाटा नर्सच्या टेबलासमोर होत्या. तिथे दर तासाला कुणी ना कुणी येऊन लघवीची पिशवी बघायचं, श्वास मोजायचं. झोपलेल्यालाही हलवून उठवायचं. हा नियम तिनेच घातला होता आणि त्यात कुचराई झाली की ती भल्याभल्यांची खरडपट्टी काढायची. पण तिथला कलकलाट, ते कण्हणं, एकच संडास. सख्ख्या भावाला तिथे कसं ठेवायचं? तिने शब्द टाकून कोपऱ्यातली स्वतंत्र खोली मिळवली. पडदे नवे होते आणि दार लोटलं की चिटपाखराचा आवाज नव्हता.

आता मॅडमचे भाऊ म्हटल्यावर सगळे चवड्यांवर चालणार. कुणी जास्तीची उशी आणून दिली, कुणी दिवा मंद केला. ते डोळे मिटून पडलेत, लागला असेल डोळा, कशाला उगाच उठवायचं, म्हणून जो तो दारातून डोकावून परत गेला. अति तिथे माती म्हणतात, ते मायेलाही सुटलेलं नाही.

सकाळी ती आली तेव्हा पिशवीच्या तळाशी काळपट चहासारखं थोडंसं पाणी होतं. दादा जिना धावत चढून आल्यासारखा धापा टाकत होता. तिला वाटलं, आता आपण ओरडू, कुणाच्या तरी नावाने बोटं मोडू. पण राग आला नाही. भीतीही आली नाही. आत सगळं बधिर झालं होतं, दाढ काढण्याआधी सुई दिल्यावर गाल होतो तसं. तिने सलाईन वाढवलं, रक्त पाठवलं, छातीचा फोटो काढायला लावला. रिपोर्ट आले तशी ती, समोर परक्याचा कागद असावा तशा आवाजात, म्हणाली, "तीन."

"ताई, तुम्ही तर एक म्हणाला होतात," वहिनी म्हणाली.

दादाला अतिदक्षता विभागात हलवलं. भूलतज्ज्ञाने बघताक्षणी सांगितलं, घशात नळी घालून श्वास मशीनवर घ्यावा लागेल. नळी गेली की बोलणं बंद. काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या.

दादाला एकच शब्द बोलायचा होता. "बबडी."

तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला, तरी बंद. पोर परीक्षेला बसली होती. तिनेच बसवली होती.

"मॅडम, आता थांबता येणार नाही," भूलतज्ज्ञ हळूच म्हणाला.

"लागला का?" दादाने विचारलं.

"लागला," ती म्हणाली, आणि तिने फोन त्याच्या कानाला लावला.

"बबडे... पेपर ना? बरं बरं. मी... ठीक आहे. तू घाई नको करूस. सावकाश ये." तो थांबला. थोडा वेळ ऐकत राहिला. मग बहिणीकडे बघून म्हणाला, "काहीच बोलत नाही गं ती."

"रडतेय."

"वेडी कुठली," तो फोनमध्ये म्हणाला. "रडू नकोस. आत्या आहे ना इथे."

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला वहिनी उभी होती. तिथून तिला फोनचा काळा पडदा दिसत होता. तिने तो पाहिला आणि नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली.

दुपारी बाहेरच्या बाकावर ती बसली असताना फोन वाजला.

"आत्या! पेपर एकदम झकास गेला. आणि तुझे हे इतके मिस्ड कॉल? बाबांना दे ना जरा."

तिने घसा साफ केला. "हे बघा, रुग्णाची प्रकृती सध्या गंभीर आहे. श्वासासाठी मशीन लावलंय. मूत्रपिंडांवर परिणाम झालाय. अशा शंभर रुग्णांमध्ये साधारणपणे..."

"कोण रुग्ण? आत्या, अगं मी आहे! तू माझ्याशी असं काय बोलतेयस?"

तेव्हा तिला रडू फुटलं. भर कॉरिडॉरमध्ये, येणारे-जाणारे थांबून बघायला लागतील एवढ्या मोठ्याने. पलीकडे पोर 'आत्या, आत्या' करत राहिली, आणि हिच्या तोंडून 'ये' एवढा एक शब्द काही केल्या निघेना.